विजेचा उपासक

आज हडपसरच्या भोवती संध्याकाळ झाली की हजारो घरांतून बटणे दाबली जातात आणि क्षणार्धात सारा परिसर उजळून निघतो. दोनशे वर्षांपूर्वी मात्र येथे उघडा माळ होता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, याच भागात यशवंतराव होळकरांच्या फौजेने शिंदे व पेशवे यांच्या सैन्याचा पराभव केला. त्या काळी पुण्यातील वाड्यांत समया व पणत्या जळत, आणि वाटसरूच्या हाती असे ती तेलाने भिजविलेली मशाल. हजारो मैल दूर असलेल्या लंडन शहराची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. तेथेही घराघरांत चरबीच्या मेणबत्त्या व तेलाचे दिवे मिणमिणत असत. त्याच लंडनच्या एका गरीब वस्तीत त्या वेळी अकरा वर्षांचा एक मुलगा राहत होता. जगातील घरे एके दिवशी ज्या शक्तीने उजळणार होती, ती शक्ती माणसाच्या हाती आणून देण्याचे भाग्य त्या मुलाच्या कपाळी लिहिलेले होते. त्याचे नाव मायकेल फॅरडे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी झाला. त्याचे वडील जेम्स लोहारकाम करीत. त्यांची प्रकृती नेहमी नादुरुस्त असे, त्यामुळे पुष्कळदा काम बंद ठेवावे लागे आणि घरात चणचण भासे. १८०१ साली इंग्लंडात धान्य अतिशय महाग झाले. त्या वेळी मायकेलच्या वाट्याला एक पाव येई आणि तोच त्याला आठवडाभर पुरवावा लागे. आई मार्गारेट मोठी धीराची होती. लेकरांच्या अंगावर फाटके कपडे असले तरी ते स्वच्छ असावेत, आणि पोटात भूक असली तरी मुखी खोटे नसावे, अशी तिची शिस्त होती. मायकेलचे शिक्षण म्हणाल तर वाचन, लेखन आणि थोडेसे अंकगणित एवढेच. पुढे आयुष्यभर उच्च गणित त्याला परकेच राहिले.

तेराव्या वर्षी मायकेल जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे कामाला लागला. प्रारंभी तो गिऱ्हाइकांच्या घरी वर्तमानपत्रे पोचवी व वाचून झाली की ती परत आणी. वर्षभरात मालकाने त्याची हुशारी ओळखली आणि पुस्तकबांधणीचे काम शिकण्यासाठी त्याला सात वर्षांच्या कराराने ठेवून घेतले. बांधणीसाठी आलेले पुस्तक शिवावे, त्याला पुठ्ठा चढवावा आणि परत द्यावे, एवढेच त्याचे काम होते. परंतु हाती आलेले पुस्तक वाचल्यावाचून त्याला चैन पडत नसे. एकदा विश्वकोशाचा एक खंड बांधणीला आला. त्यातील विजेविषयीचा लेख मायकेलने अधाशीपणाने वाचून काढला. जेन मार्सेट या विदुषीने संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तकही त्याच्या हाती आले. या दोन ग्रंथांनी त्याच्या मनात जी ठिणगी टाकली, ती पुढे कधीच विझली नाही.

मायकेल नुसता वाचणारा नव्हता. पुस्तकात लिहिलेले खरे आहे की नाही, हे स्वतःच्या हाताने पडताळून पाहिल्याखेरीज त्याचे समाधान होत नसे. महागडी उपकरणे घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा त्याने एका बाटलीपासून घर्षणाने वीज निर्माण करणारे लहानसे यंत्र घरच्या घरी तयार केले. शास्त्रीय व्याख्याने ऐकण्यासाठी एक शिलिंग द्यावा लागे. तो त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट देत असे. रॉबर्टही लोहारकामच करी. स्वतः घणाचे घाव घालून मिळविलेल्या पैशांतून धाकट्या भावाच्या ज्ञानाची भूक भागविणारा हा भाऊ धन्य म्हटला पाहिजे.

सन १८१२ मधील एक प्रयोग या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे. इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने १८०० साली विद्युत्घट जगापुढे मांडला होता. तसा घट आपणही करून पाहावा असे वीस वर्षांच्या मायकेलने ठरविले. त्याने जस्ताच्या पत्र्यातून अर्ध्या पेनीएवढ्या सात चकत्या कापल्या. तांब्याच्या चकत्या वेगळ्या करण्याची गरजच पडली नाही, कारण त्या काळची अर्ध्या पेनीची नाणी तांब्याचीच असत. एक नाणे, त्यावर जस्ताची चकती, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेला कागद, अशा क्रमाने त्याने सात जोड्यांची चवड रचली. खारट पाण्याच्या सान्निध्यात जस्त हळूहळू झिजते आणि त्या रासायनिक क्रियेतून विद्युत्प्रवाह निर्माण होतो. अशा एका जोडीचा विद्युत्दाब एक व्होल्टदेखील भरत नाही. परंतु जोड्या एकावर एक रचल्या की त्यांच्या दाबांची बेरीज होत जाते. मायकेलने चवडीच्या दोन टोकांना तारा जोडून त्या मॅग्नेशियम सल्फेट या क्षाराच्या पाण्यात बुडविल्या. तारांभोवती बुडबुडे उठू लागले आणि काही वेळाने ते पाणी गढूळ झाले. विजेने पदार्थाचे पृथक्करण होत होते! खिशातल्या चिल्लर नाण्यांनी घडविलेला हा चमत्कार पाहून मायकेलला झालेला आनंद अवर्णनीय होता. ही सर्व हकीकत त्याने मोठ्या उत्साहाने आपल्या एका मित्राला पत्राने कळविली.

त्याच वर्षी दुकानातील एका गिऱ्हाइकाने त्याला सर हंफ्रे डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. रॉयल इन्स्टिट्यूशन या प्रसिद्ध संस्थेत डेव्ही व्याख्याने देत आणि ती ऐकण्यास लंडनमधील प्रतिष्ठित मंडळी गर्दी करीत. मायकेलने प्रत्येक व्याख्यानाची टिपणे घेतली, ती सुवाच्य अक्षरांत उतरली, आकृत्या काढल्या, आणि आपल्याच हातांनी त्यांचे सुंदर पुस्तक बांधले. पुस्तकबांधणीची मुदत संपत आली होती. पुढे आयुष्यभर हाच धंदा करावा लागणार, या विचाराने तो बेचैन झाला होता. विज्ञानाच्या सेवेत कसलेही काम मिळावे, अशी विनंती करून त्याने ते पुस्तक डेव्हींकडे पाठविले. डेव्ही प्रभावित झाले, पण जागा रिकामी नव्हती. थोड्याच महिन्यांनी प्रयोगशाळेतील एका साहाय्यकाला काढून टाकण्यात आले आणि १ मार्च १८१३ रोजी मायकेलची तेथे नेमणूक झाली. वेतन बेताचेच होते. संस्थेच्या माडीवरील दोन लहान खोल्या राहण्यास मिळाल्या. बाटल्या धुणे, उपकरणे मांडणे, व्याख्यानाच्या वेळी वस्तू हाताशी देणे अशी कामे त्याच्याकडे होती. परंतु त्याला तेथे स्वर्ग मिळाल्यासारखे वाटले.

त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या प्रवासाला निघाले व फॅरडेलाही त्यांनी बरोबर नेले. या प्रवासात त्याला नोकराची कामेही करावी लागली. डेव्हींच्या पत्नी त्याला बरोबरीच्या नात्याने वागवीत नसत. अपमान गिळून फॅरडे शिकत राहिला. फ्रान्स व इटलीतील थोर शास्त्रज्ञ त्याला जवळून पाहावयास मिळाले. ज्यांच्या घटाची प्रतिकृती त्याने नाण्यांनी रचली होती, त्या वयोवृद्ध व्होल्टांचेही दर्शन त्याला मिलान शहरी घडले. दीड वर्षाने तो परतला तेव्हा या प्रवासाने त्याच्या ज्ञानात मोलाची भर घातली होती.

१८२० साली डेन्मार्कमधील ओर्स्टेड या शास्त्रज्ञाला असे आढळले की, विद्युत्प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते. यावरून वीज आणि चुंबकत्व यांचे काही नाते आहे, हे स्पष्ट झाले. पुढच्याच वर्षी फॅरडेने पाऱ्याच्या भांड्यात चुंबक ठेवून, प्रवाह वाहणारी तार त्याच्याभोवती सतत फिरती ठेवण्याचा प्रयोग यशस्वी केला. आजच्या विजेच्या पंख्याचे आणि पाण्याच्या पंपाचे बीज या प्रयोगात आहे. परंतु या यशाबरोबर दुःखही आले. वुलस्टन नावाच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाची कल्पना फॅरडेने चोरली, अशी कुजबुज सुरू झाली. प्रामाणिकपणा हेच ज्याचे धन, त्याला हा आरोप किती झोंबला असेल! १८२३ मध्ये रॉयल सोसायटी या विद्वत्सभेच्या सदस्यत्वासाठी त्याचे नाव पुढे आले तेव्हा खुद्द डेव्हींनीच विरोध केला. मतदानात फॅरडे निवडून आला. त्याच्या विरुद्ध फक्त एकच मत पडले होते. असे असूनही फॅरडेने डेव्हींविषयी कधी कटू उद्गार काढले नाहीत. ज्यांनी आपल्याला विज्ञानाचे दार उघडून दिले, त्यांचे उपकार तो अखेरपर्यंत आदराने स्मरत राहिला.

विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकत्वापासून वीज का मिळू नये? हा प्रश्न फॅरडेच्या मनात कित्येक वर्षे घोळत होता. त्याने पुन्हा पुन्हा प्रयोग केले आणि पुन्हा पुन्हा अपयश पदरी घेतले. अखेर २९ ऑगस्ट १८३१ हा दिवस उजाडला. मऊ लोखंडाचे, सहा इंच व्यासाचे एक कडे त्याने करवून घेतले होते. कड्याच्या एका बाजूस तांब्याच्या तारेचे वेढे दिले, दुसऱ्या बाजूसही तसेच वेढे दिले. त्या काळी विलेपित तार बाजारात मिळत नसे. म्हणून तारांचा एकमेकींस स्पर्श होऊ नये यासाठी त्याने मध्ये सुतळी व मांजरपाटाचे कापड गुंडाळले. दुसऱ्या वेटोळ्याची तार काही अंतरावरील चुंबकसुईवरून नेली आणि पहिले वेटोळे विद्युत्घटमालेला जोडले. सुई हलली! पण लगेच पूर्वस्थितीवर आली. प्रवाह चालूच होता, तरी सुई स्तब्ध राहिली. घटमाला काढून घेताच सुई पुन्हा हलली, मात्र या वेळी उलट दिशेने.

दुसरा कोणी असता तर त्या क्षणिक हालचालीकडे त्याने कदाचित दुर्लक्ष केले असते. फॅरडेने मात्र तिचे मर्म ओळखले. स्थिर चुंबकत्वापासून वीज मिळत नाही. चुंबकत्वात बदल होत असेल तेव्हाच शेजारच्या तारेत वीज जागी होते, हे निसर्गाचे रहस्य त्याला उमगले. १७ ऑक्टोबर रोजी त्याने तारेच्या पोकळ वेटोळ्यात नुसता चुंबक आतबाहेर केला आणि वीज मिळविली. २८ ऑक्टोबर रोजी मोठ्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून त्याने अखंड विद्युत्प्रवाह निर्माण केला. हे पहिले विद्युत्जनित्र होय. २४ नोव्हेंबर १८३१ रोजी हा शोध रॉयल सोसायटीपुढे मांडण्यात आला. पुढे सहाच आठवड्यांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू केले. ज्ञानाचा उजेड मराठी घरांत नेऊ पाहणारा हा उपक्रम आणि विजेचा हा शोध एकाच काळात जन्मास आले, हा योगायोग मोठा सुखद आहे.

१८३३ साली फॅरडेने आणखी एक नवल टिपून ठेवले. धातू तापविला की त्यातून वीज वाहण्यास अडथळा वाढतो. परंतु सिल्व्हर सल्फाइड हा पदार्थ तापविल्यावर त्यातून वीज अधिक सुलभतेने वाहू लागली. या विचित्र वर्तनाचे कारण त्या काळी उलगडणे शक्य नव्हते. आज अशा पदार्थांना अर्धवाहक म्हणतात. अर्धवाहकांचा अभ्यास होत होत विसाव्या शतकात प्रकाश देणारे एलईडी दिवे तयार झाले.

आजच्या घरातील लहानशा दिव्याच्या मंडलात फॅरडेच्या या साऱ्या परिश्रमांची फळे एकत्र आलेली दिसतात. हडपसरच्या घरांत येणारी वीज सुमारे २३० व्होल्ट दाबाची असते आणि तिच्या प्रवाहाची दिशा सेकंदाला ५० आवर्तने या गतीने पालटत राहते. लहान एलईडीला मात्र सुमारे ३ व्होल्ट पुरतात. म्हणून दाब कमी करण्यासाठी ट्रान्सफॉर्मर वापरतात. हा ट्रान्सफॉर्मर म्हणजे फॅरडेच्या त्या लोखंडी कड्याचाच वंशज. पहिल्या वेटोळ्याला २,३०० वेढे आणि दुसऱ्याला १२० वेढे असतील, तर २३० व्होल्टचा दाब १२ व्होल्टवर येतो. मग डायोड हे अर्धवाहक भाग त्या उलटसुलट प्रवाहाला एकाच दिशेने वाहावयास लावतात. त्यातील चढउतार सौम्य करणारा भाग म्हणजे कपॅसिटर. त्याचे माप फॅरड या एककात मोजतात आणि हे नाव फॅरडेच्याच स्मरणार्थ ठेवलेले आहे.

वीज गेल्यावर घरात उजेड देणारा दिवा तर याहूनही सोपा असतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला तीन पांढरे एलईडी एकापुढे एक जोडले, तर त्यांत ९ व्होल्ट दाब खर्ची पडतो. उरलेला ३ व्होल्ट दाब सोसण्यासाठी मंडलात एक रोधक घालावा लागतो. प्रवाह २० मिलिअँपिअर ठेवावयाचा असेल, तर हा रोधक १५० ओहमचा लागतो, कारण दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. रोधक वगळला तर जास्त प्रवाहाने एलईडी जळून जातात. कमी दाबाच्या बॅटरीवर केलेली अशी मंडले विद्यार्थ्यांना वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली जोडून पाहता येतात. भिंतीतील विजेशी मात्र मुलांनी कधीही खेळू नये. तिचा धक्का प्राणघातक असतो. फॅरडेही प्रयोगाच्या वेळी अत्यंत सावध असे. रासायनिक स्फोटात गुरूचे डोळे जायबंदी झालेले त्याने पाहिले होते.

आपल्या शोधातून उजळलेला एक मोठा दिवा पाहण्याचे भाग्य फॅरडेला लाभले. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील दीपगृहांचा तो अनेक वर्षे शास्त्रीय सल्लागार होता. दीपगृहाचा प्रकाश अंधूक पडला तर जहाजे खडकांवर आपटत आणि खलाशी प्राणांस मुकत. डिसेंबर १८५८ मध्ये साउथ फोरलँड येथील दीपगृहात चुंबकयंत्राच्या विजेवर चालणारा दिवा लावण्यात आला. त्याची परीक्षा करण्याचे काम फॅरडेकडे आले. १८६० च्या फेब्रुवारीत तो तेथे जावयास निघाला, तेव्हा रस्ते बर्फाने अडले होते. वय अडुसष्ट वर्षांचे, शरीर थकलेले. परंतु कुंपणे ओलांडीत, भिंती चढत, शेते तुडवीत हा वृद्ध दीपगृहापर्यंत पोचला आणि त्याने आपले काम पुरे केले. अनोळखी खलाशांचे प्राण त्या दिव्यावर अवलंबून आहेत, ही जाणीव त्याला स्वस्थ बसू देत नव्हती.

फॅरडेला पैशाचा मोह कधी पडला नाही. रासायनिक तपासणीच्या कामांतून त्याला चांगली मिळकत होत असे. संशोधनाला वेळ पुरेना, तेव्हा त्याने ती मिळकत आपण होऊन सोडली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्याने नम्रपणे नाकारले. मुलांवर त्याचे फार प्रेम होते. १८२७ पासून १८६० पर्यंत त्याने नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्यानांच्या एकोणीस माला गुंफल्या. एका साध्या मेणबत्तीवर त्याने दिलेली सहा व्याख्याने पुस्तकरूपाने जगभर वाचली गेली. विजेचा हा महान अभ्यासक मुलांपुढे बोलण्यासाठी हाती मेणबत्ती घेतो, यातच त्याच्या थोरवीचे रहस्य आहे. सामान्य वस्तूतही शिकण्याजोगे काही असते, हे त्याने आयुष्यभर ओळखले होते.

उतारवयात त्याची स्मरणशक्ती क्षीण झाली. काल काय केले हे आज आठवेना. प्रत्येक प्रयोगाची क्रमवार नोंद ठेवण्याची त्याची सवय या काळात त्याला आधार ठरली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी, आपल्या खुर्चीत बसलेला असतानाच, त्याने शांतपणे देह ठेवला. त्याच्या इच्छेप्रमाणे अंत्यविधी अगदी साधेपणाने झाला. लंडनच्या हायगेट स्मशानभूमीतील त्याच्या थडग्यावर नाव आणि तारखा यांखेरीज कसलीही पदवी कोरलेली नाही.

पुढे १९१५ साली लोणावळ्याच्या तलावांचे पाणी सह्याद्रीवरून खाली खोपोलीस उतरले आणि टाटांच्या केंद्रातील जनित्रे फिरू लागली. १९६२ साली कोयनेचे पाणीही त्याच कामी आले. ती प्रचंड चक्रे ज्या नियमाने फिरताना वीज देतात, तो नियम लोखंडी कड्याला सुतळी गुंडाळणाऱ्या एका लोहारपुत्राने शोधून काढला होता. त्याच्यापाशी पैसा नव्हता, मोठी पदवी नव्हती, उच्च गणितही नव्हते. होती ती सात नाणी, जिज्ञासा आणि हार न मानणारे मन. एवढ्या भांडवलावर त्याने साऱ्या जगाच्या घरांत उजेड पोचविला.